काढायचं नाही, नुसती नोटीस द्यायची

२ मार्च, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. सातवी पास बाईला लिहायला काय धाड भरलीय. काल सही करताना अध्यक्ष म्हणाले, वहिनी, अक्षर मोत्यासारखं आहे. मोती जरा मोठे आहेत, दोन रेघांत मावत नाहीत, ते बोलले नाहीत. सभ्य माणूस.

तर काल मी घरमालक संघटनेची मेंबर झाले. एकाच खोलीची का असेना, मालकीण ती मालकीण. अध्यक्षांच्या तीन बिल्डिंगा. माझं एक घर आणि मागची एक खोली. पण मीटिंगमध्ये खुर्ची सगळ्यांना सारखीच, प्लास्टिकची. त्यांची जास्त वाकली.

विषय नवीन नियमाचा. नगरपालिकेचं म्हणणं, भाड्याच्या प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी पाहिजे. नसेल तर करून घ्या, नाहीतर खोलीला सील. तपासायला माणसं येणार. हे कशामुळे, तर हिवाळ्यात एका बिनखिडकीच्या खोलीत शेगडीच्या धुराने नवरा-बायको झोपेतच गेली. संघटनेत त्याला 'तो प्रकार' म्हणायचं ठरलंय. खोली कुणाची होती ते विचारायचं नाही असंही ठरलंय. मी नवीन, मी विचारलं. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले आणि अध्यक्ष पंख्याकडे.

३ मार्च

माझ्या खोलीला खिडकी आहे. लिहूनच ठेवते, उद्या कुणी विचारलं तर. चांगली दोन दारांची, गज लावलेली. आता ती बाहेर उघडत नाही, माझ्या स्टोअरमध्ये उघडते, कारण स्टोअर नंतर बांधलं. हे गेल्यावर सामान ठेवायला जागा नव्हती. सामान म्हणजे काही ह्यांचं, काही लेकाचं, बाकी कुणाचंच नाही. खिडकी उघडली की ट्रंकेला धडकते. पण आहे ना? वारा काय बाहेरचाच लागतो?

खोलीत म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. मुलगा वेल्डर. सून हॉस्पिटलच्या लाँड्रीत. म्हातारी दिवसभर माझ्या उरावर. दुपारी पत्ते खेळायला येते, माझा चहा पिते, मांडीखाली पत्ते लपवते आणि वर मलाच चोर म्हणते. माझ्याहून मोठी आहे. ती म्हणते मीच मोठी. जन्माचा दाखला दोघींकडेही नाही, त्यामुळे हे भांडण जन्मभर पुरेल.

खोकते फार. भिंतीपलीकडून ऐकू येतं. मी म्हणते, अगं, एवढ्या ताकदीने खोकतेस म्हणजे तब्येत ठणठणीत. ती म्हणते, भिंतीला ओल आहे. ओल कसली, जुन्या भिंतीला घाम येतोच. मी तिला त्या जागेवर कॅलेंडर लावून दिलं. ते फुगलं. कागदच हलका होता.

७ मार्च

मीटिंग. अध्यक्ष म्हणाले, मोर्चा काढायचा, पण मोर्चाला चेहरा लागतो. तीन बिल्डिंगांच्या मालकाचा चेहरा बघून कुणाला दया येत नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. विधवा. म्हातारपण. एकच खोली. मी म्हटलं, मी काही एवढी गरीब नाही हो. ते म्हणाले, वहिनी, फोटोपुरतं व्हा.

जुने कपडे घालून या म्हणाले. माझे सगळेच जुने. त्यातले दयेला शोभतील असे शोधावे लागतील.

भाषणही केलं. म्हटलं, आम्ही भाडेकरूंना घरच्यासारखं ठेवतो. टाळ्या. म्हटलं, माझी म्हातारी तर माझ्यावाचून एक दिवस राहू शकणार नाही. पुन्हा टाळ्या. घरी येऊन म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, हो का, मग माझ्या वाटचा चहा कुठाय.

११ मार्च

आजची मीटिंग दार लावून झाली. अध्यक्षांनी डोकं चालवलंय. सगळ्या मालकांनी एकाच दिवशी भाडेकरूंना खोली रिकामी करायची नोटीस द्यायची. काढायचं कुणालाच नाही. नुसती नोटीस. भाडेकरू घाबरणार, नगरपालिकेवर धावणार, तुमच्या नियमापायी आम्ही रस्त्यावर आलो म्हणून गळा काढणार, की नियम मागे. मग नोटिसा फाडून टाकायच्या. साप मरणार, काठीला काही नाही.

अट एकच. नोटीस खोटी आहे हे भाडेकरूला सांगायचं नाही. खरं रडणं आणि शिकवलेलं रडणं लांबून ओळखू येतं म्हणे. ह्या माणसाचा अभ्यास दांडगा आहे.

मला बघून एकजण म्हणाला, वहिनींच्या पोटात राहील का? राहील. आजवर काही राहिलं नाही, कारण ठेवण्यासारखं काही कुणी दिलंच नव्हतं.

१२ मार्च, दुपार

दिली! स्वतः जाऊन, उंबऱ्यात उभं राहून. म्हातारीने कागद उलटा धरला आणि विचारलं, काय गं, हे काय नवीन सोंग? मी तोंड दगडासारखं केलं. म्हटलं, कायदा आहे, माझ्या हातात काही नाही. सुनेने कागद घेऊन वाचला. तिने विचारलं, मावशी, कधीपर्यंत? म्हटलं, महिनाअखेर. वेल्डर कामाच्या चष्म्याच्या काचा पुसत बसला होता, पुसतच राहिला. तो मुळातच घुमा.

घरात आले आणि उशीत तोंड खुपसून हसले. एवढी वर्षं हे म्हणायचे, तुला दोन मिनिटं गंभीर राहता येत नाही. आज बघायला पाहिजे होते.

ठरवलंय. मोर्चा झाला की त्याच संध्याकाळी तिघांना घरात बोलवायचं, चहा द्यायचा, आणि चहा तोंडाशी नेताना सांगायचं की नोटीस खोटी. म्हातारी मला कपबशी फेकून मारेल. जुनी कपबशी काढून ठेवली आहे.

१५ मार्च

दोन दिवस म्हातारी पत्त्यांना आली नाही. मला काय, मी एकटीने मांडले. एकटीने खेळताना आपणच आपल्याला फसवतो, मजा नाही.

आज आली. पत्ते पिसता पिसता म्हणाली, खरंच का गं? मी म्हटलं, खरंच. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता रडते. माझ्या ओठावर आलंच होतं, पण ओठ दाताखाली धरला. संघटनेला शब्द दिलाय. ती म्हणाली, बरं. आणि पान टाकलं.

सगळे डाव ती जिंकली, तेही न लपवता. मी चिडले नाही. नोटीस मिळालेल्या माणसाला जिंकू द्यावं.

१८ मार्च

सून ड्यूटीवरून येताना खोल्या बघत येते असं कळलं. बघू दे. कुणाच्या जिन्याखालची, कुणाच्या गच्चीवरच्या पत्र्याची, बघितल्या की आपोआप माझ्या खोलीची किंमत कळेल.

लेकाचा फोन आला. तो लांब असतो, कामात असतो, रविवारी करायचं म्हणतो आणि बुधवारी करतो. त्याला मोर्चाचं सांगितलं. तो म्हणाला, आई, हे धंदे कशाला? ती माणसं मागे राहतात म्हणून मला तुझी काळजी नाही. मी म्हटलं, उलटं आहे, मी त्यांची काळजी घेते. तो म्हणाला, असं? तुझ्या डोळ्यांत औषध कोण घालतं? सिलिंडर कोण बदलतं? मागे बाथरूममध्ये पडलीस तेव्हा दार कुणी तोडलं?

फोनमध्ये खरखर होती. ठेवून दिला.

२१ मार्च

मोर्चा दणक्यात. मी सगळ्यांत पुढे, हातात पाटी. पाटीवर काय होतं ते पुढच्या बाजूला लिहिलं असल्याने मला दिसलं नाही. फोटोवाल्याने सांगितलं, आजी, जरा वाईट तोंड करा. मी केलं. तो म्हणाला, एवढं नको.

भाडेकरू फार आले नाहीत. आले ते अध्यक्षांच्या बिल्डिंगांतले. त्यांची हजेरी घेतली जात होती. माझी तिघं आलीच नाहीत. वेल्डरला रजा नसेल. ज्यांना खरं रडायचं होतं ते बहुतेक खोल्या बघत फिरत असावेत.

नगरपालिकेत आत फक्त अध्यक्षांना घेतलं. आम्ही पायरीवर. ऊन चढलं तशी माणसं पातळ झाली. शेवटी मी आणि पाटी. अध्यक्ष हसत बाहेर आले, म्हणाले, काम होतंय, वहिनी, आणि गाडीत बसून गेले. मी चालत आले. विसरले असतील. डोक्याला किती व्याप.

येताना बिस्किटं आणली. आज सांगायचं होतं ना. मागच्या खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, म्हातारीला दुपारी दम लागला, ओठ निळे पडले, वेल्डर उचलून हॉस्पिटलला घेऊन गेला.

मी असते तर लगेच कळलं असतं. भिंत एकच आहे. पण मी मोर्चात होते, तिच्याचसाठी.

२२ मार्च

हॉस्पिटलला गेले. तोंडाला मास्क. नळ्या. अंथरुणात म्हातारी एवढीशी दिसते, घरी चांगली ऐसपैस वाटायची. मी म्हटलं, काय गं, नोटिशीला घाबरून सोंग घेतलंस ना? मास्कमधून ती काहीतरी बोलली. शिवी असावी. बरं वाटलं.

खोटी आहे हे तिथेच सांगणार होते. पण नर्स म्हणाली, पेशंटला हसवू नका. हसवणारी गोष्ट कशी सांगायची?

डॉक्टर आले. सुनेला विचारलं, ह्या झोपतात कुठे, खोलीला खिडकी आहे का. सुनेच्या आधी मी म्हटलं, आहे. सून खाली बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, मग ती उघडी ठेवत जा, फुप्फुसात बुरशी बसलीय.

सगळ्या रस्त्याने तेच एक वाक्य डोक्यात. मी म्हटलं ते खोटं नव्हतं. आहे खिडकी.

ठरलं. स्टोअर रिकामं करणार, पाडणार, खिडकी मोकळी करणार. म्हातारी घरी यायच्या आत. गवंड्याला निरोप द्यायचा.

२३ मार्च

स्टोअर उघडलं. पहिली ट्रंक बाहेर ओढली. आत ह्यांचे स्वेटर. एक उलगडला, कसर लागलेली. घडी करून परत ठेवला. ट्रंक परत आत ढकलली. कंबर धरली.

पहिल्याच दिवशी एवढं पुरे.

२४ मार्च

गवंड्याला निरोप द्यायचा राहिला. उद्या.

२५ मार्च

गवंड्याला भेटले. तो म्हणाला, आजी, पुढच्या महिन्यात. आता सगळ्या गावाच्या खिडक्या मीच पाडतोय. म्हटलं, अरे, माझी आधीपासूनची आहे, नुसती पुढची भिंत काढायचीय. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात.

म्हातारी बरी आहे. मास्क काढलाय. आता मुहूर्त शोधत बसायचं नाही. उद्या मीटिंग झाली की सरळ हॉस्पिटल. सगळं सांगून टाकायचं. संघटना गेली उडत.

२६ मार्च, दुपार

मीटिंगमध्ये पेढ्यांसारखी बातमी वाटली. तडजोड झाली. नियम राहणार, पण ज्यांच्या खोल्या जास्त त्यांना दोन वर्षांची मुदत, कारण त्यांचं काम मोठं. ज्यांची एकच खोली त्यांना मुदत नाही, कारण त्यांचं काम छोटं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता अर्थ कळला. हात मध्येच राहिले.

मी उठून विचारलं, आणि माझं काय? अध्यक्ष म्हणाले, वहिनी, तुमच्या फोटोनेच तर हे जमलं. संघटना तुमची ऋणी आहे.

विचारलं, नोटिसांचं काय करायचं? म्हणाले, फाडा की. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, फाडता कशाला, माझा भाडेकरू खरंच गेला, दुसरा जास्त भाड्यावर मिळाला. लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या शेजारच्याने हळूच विचारलं, नोटीस कुणाकडून लिहून घेतली होती?

२६ मार्च, संध्याकाळ

हॉस्पिटलला जायच्या आधी घरी पर्स घ्यायला आले, तर दारात टेम्पो.

वेल्डर गादी दोरीने बांधत होता. मी ओरडलेच, अरे थांब, नोटीस खोटी होती! तो म्हणाला, मावशी, सरका जरा, पायावर पडेल. म्हटलं, खरंच खोटी होती, संघटनेचं नाटक होतं, आईची शपथ. त्याने दोरीला गाठ मारली. म्हणाला, तुम्ही कधी खरं बोलता आणि कधी चेष्टा करता ते आम्हाला कळत नाही, मावशी. कधीच कळलं नाही.

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

सुनेने सांगितलं, आईंना हॉस्पिटलमधून थेट तिकडेच न्यायचं आहे. तळमजला आहे. खिडकी आहे. मी म्हटलं, खिडकी तर इथेही, आणि पुढचं गिळलं. तिने खोली झाडून दिली, चावी हातात ठेवली. वर माझ्या डोळ्यांचं औषध कुठे ठेवलंय ते दाखवून गेली, आणि एकटीने घालायचं तर मान कशी मागे टाकायची तेही.

टेम्पो गेला. कॅलेंडर भिंतीवर तसंच. काढलं. मागे काय होतं ते बघितलं आणि परत लावलं.

२९ मार्च

तपासणीवाली आली. पोरसवदा बाई, हातात टेप. मी गंमत केली, म्हटलं, माझंच माप घेतेस का. ती हसली नाही. खिडकी दाखवली. तिने उघडली, ट्रंकेवर आपटली. तिने आत हात घालून बघितला, जसा माठात घालतात तसा. मग भिंतीवर तळवा टेकवला आणि बराच वेळ रुमालाला पुसत राहिली.

विचारलं, आजी, इथे कोण राहत होतं? म्हटलं, कुणी नाही. त्या क्षणाला ते खरं होतं.

दाराला कागद चिकटवला. राहण्यास अयोग्य. अक्षर छापील, रेघेत मावणारं.

४ एप्रिल

आज गेले एकदाची नव्या घरी. ठरवूनच गेले होते. सांगायचं, गवंडी येतोय, स्टोअर पाडतेय, महिन्याभरात परत या. बिस्किटंही तीच नेली, जरा मऊ पडली होती.

बाजाराच्या पलीकडे, सायकलच्या दुकानाशेजारी. म्हातारी खिडकीत बसलेली, बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून. गालावर मांस आलंय. मला बघून म्हणाली, आलीस का, मला वाटलं संघटनेची परवानगी लागते.

मी एका दमात सगळं सांगितलं. नोटीस खोटी, मोर्चासाठी, तुम्हाला काढायचं कधीच नव्हतं. आणि थांबले. आता ती कपबशी फेकेल म्हणून.

ती म्हणाली, अगं, मला त्याच दिवशी कळलं. तुझं तोंड असं दगडासारखं झालं होतं. खरंच काढायचं असतं, तर तू रडत आली असतीस.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस, भवाने?

ती बाहेर बघत होती. म्हणाली, पोरगा दोन वर्षं मागे लागला होता, आई, ही ओल तुला खाणार, दुसरीकडे जाऊ. मीच नाही म्हणायचे. म्हणायचे, ती पलीकडे एकटी आहे, तिला टाकून कसं जायचं. सूनही तेच म्हणायची. मग तूच हातात कागद दिलास. खोटा तर खोटा. पोराला म्हटलं, चल, आता आपण तिला सोडलं असं होत नाही.

मी म्हटलं, मी कुठे एकटी. ती म्हणाली, हो ना. आणि बिस्किट चहात बुडवलं.

गवंड्याचं काही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत बसले. एकदाही खोकली नाही.

५ एप्रिल

विचार केला तर झालं ते बरंच झालं. शांतता आहे. कटकट गेली. आता स्टोअर पाडायची गरजच नाही. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार, आणि दुपारी वाचन.

६ एप्रिल

ऊन होतं. नाही गेले.

९ एप्रिल

अध्यक्षांचा फोन. संघटनेच्या वार्षिक सभेत माझा सत्कार करणार. लढाऊ घरमालकीण. भाषण करायचं, विषय त्यांनीच दिला, भाडेकरूंशी आमचे घरोब्याचे संबंध.

नाही म्हणायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. घसा दुखत नाही, ताप नाही. परवापासून वापरलाच नव्हता. ते हॅलो वहिनी, हॅलो वहिनी करत राहिले. मी खाकरले, पाणी प्यायले, परत प्रयत्न केला.

तिकडे त्यांनी कुणाला तरी सांगितलं, पलीकडे कुणी नाही वाटतं, आणि ठेवला.